दहिवरचा क्लेम

शुक्रवारी रात्री तिसरं पर्व संपलं
आणि शनिवारी सकाळी सेव-उसळीच्या गाडीवर
हर्षल शिर्के तरी न मागताच खायला बसला,
इतका तो रागावला होता.

"नाव काय मालिकेचं? 'नाक्यावरचे सहा'.
मग मोजा ने.
लोलक, भोवरा, गोंगाट, मुंगळा, पोलादबाई.
पाच.
दहिवर कुठंय?"

दहिवर फुंकर घालायची
आणि बंदुकीच्या नळीत दव साचायचं,
एवढीच तिची शक्ती.
तिच्या वाट्याला पाठलाग कमी, गप्प बसणं फार,
म्हणूनच असेल, मला ती आवडायची.
सातव्या भागात लोलक खिडकीबाहेर बघत म्हणतो,
"दहिवर गेली."
आणि लगेच पुढचा स्फोट.
कुठे गेली, मेली की चिडून घरी गेली,
एक अक्षर नाही.

जिगीषा म्हणाली, लेखक बदलला असणार.
अद्वय म्हणाला, बघाच तुम्ही,
पुढच्या पर्वात काळाच्या भोकातून परत आणतील,
आणि तसं झालं तर मी टीव्ही विकून टाकेन.
त्याच्याकडे टीव्ही नाही.
तो मामाच्या फोनवर बघतो.
हर्षल म्हणाला, अरे, विश्वामित्रीतल्या मगरींना
कागद-पेन दिलं असतं
तरी याहून बरा शेवट लिहिला असता त्यांनी.
गाडीवाले कनुकाकाही हसले.
त्यांनी एकही भाग पाहिलेला नाही.

मी हसले नाही.
मी रावपुऱ्यात विम्याच्या कचेरीत असते,
डेथ क्लेमच्या टेबलावर.
माणूस सात वर्षं कुणाला दिसला नाही, ऐकू आला नाही,
तर कायदा म्हणतो, गेला असं धरा.
तोवर बायको दर मार्चमध्ये येऊन
त्याचा हप्ता भरते,
पावतीची घडी घालते, पुन्हा उलगडते,
नाव बरोबर आहे ना बघते.
'गेला' हा शब्द किती कागद मागतो
ते मला विचारा.
आणि इथे एकाने खिडकीकडे बघून म्हटलं
की झालं.

"तिचा कप आहे," शाल्मली म्हणाली.
हर्षलची भाची, वय नऊ,
इतका वेळ फोनमध्ये तोंड घालून बसलेली.

नाक्याच्या आतलं टेबल.
जकातीची जुनी वही, कंदील, कप.
आठवा भाग, सहा कप.
अकरावा, सहा.
शेवटच्या भागात छप्पर उडून जातं,
तरी सहा.
टवका उडालेला निळा, तो तिचाच.

कुणी काही बोलेना.
मग ध्रुमिल बोलला, फाइन आर्ट्सवाला,
अ‍ॅनिमेशन शिकतो, त्यामुळे त्याला बोलावंच लागतं:
"अगं, मागचं चित्र जुनंच वापरतात.
एका कपासाठी कोण नवं काढणार? पैसे वाचतात."
पटलं.
पटल्याचं वाईट वाटलं सगळ्यांना.

शाल्मलीने फोन त्याच्या नाकापाशी नेला.
"मग वाफ?"
"कसली वाफ?"
"बाकीच्यांचा चहा निवलाय.
मारामारीत कोण पितं?
या एकातूनच निघते. हलते पण.
बघ ने."

ध्रुमिलने बघितलं.
मागे घेतलं, परत बघितलं.
मग हळूच म्हणाला, जुन्या चित्रातली वाफ हलत नाही.
ही कुणीतरी बसून काढलीय.
सेकंदाला बारा वेळा.

रात्री उशिरा, कुठल्याशा इमारतीत,
ज्याला कथा विचारली नव्हती असा कुणी.

हर्षलने तरी मागितली. दोनदा.
"कथा मात्र भिकारच," अद्वय म्हणाला,
आणि फोन हातोहात कनुकाकांपर्यंत गेला,
उकळत्या पातेल्याच्या वर.
काच धुरकटली असं वाटून
त्यांनी ती पंच्याने पुसली.
एकदा पुसली,
मग जरा जोर लावून पुसली.
गेली नाही.